पोटात दुखत नव्हतं तेव्हाची एमआर एन्टरोग्राफी

२६ ऑक्टोबर २०२४, चौथा शनिवार. बँकेला सुट्टी म्हणून मुद्दाम तीच वेळ घेतली होती. दिवाळी तोंडावर आली होती, चकलीची भाजणी दळून घरात पडली होती, आणि मी डॉक्टरांकडे "सगळं छान चाललंय" एवढंच सांगायला निघाले होते. वजन ५१ वरून ५७ वर आलं होतं. पोटात दुखत नव्हतं, जुलाब थांबले होते, रात्रीची झोप लागत होती. फक्त फाइलीत सगळ्यात वर ठेवलेला शौचाच्या तपासणीचा रिपोर्ट होता : फीकल कॅलप्रोटेक्टिन ५४०.

मॅडमनी तो आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "तुम्ही बऱ्या दिसताय, याचा मला आनंदच आहे. पण आतडं अजून शांत झालेलं नाही. एमआर एन्टरोग्राफी करून घेऊ या."

हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आतडं द्रवाने भरून एमआरआयने बघायची ही तपासणी. त्या रात्री मराठीत बरंच शोधलं, पण ज्यानं ती तपासणी स्वतः करून घेतलीय अशा कुणाचं लिहिलेलं मला सापडलं नाही. आता एक वर्षात दोनदा करून झाली आहे (खरं तर अडीचदा, ते पुढे येईल), म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

आधी थोडं मागचं. २०२३ च्या मार्चएंडला उजवीकडे खाली दुखायला लागलं. मी कर्वे रोडवर एका सहकारी बँकेत काम करते. मार्चमध्ये जेवणाच्या वेळा पाळल्या जात नाहीत, त्यामुळे सुरुवातीला सगळं अ‍ॅसिडिटीच्या नावावर गेलं. मग आमांश समजून गोळ्या झाल्या, मग जंतांच्या. पावसाळा सरेपर्यंत वजन सात किलो उतरलं आणि हिमोग्लोबिन ९ वर आलं. गणपतीत सोनोग्राफी झाली. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, नेमकी तिथे सूज दिसली. ऑक्टोबरात दुखणं इतकं वाढलं की तीन दिवस दाखल व्हावं लागलं. सीटी स्कॅन, कोलोनोस्कोपी, बायोप्सी, सगळं त्याच वेळी झालं.

आपल्याकडे या जागी सूज आणि जखमा दिसल्या की डॉक्टरांपुढे दोन नावं उभी राहतात : आतड्याचा टीबी आणि क्रोन्स, म्हणजे आतडं सुजत ठेवणारा जुनाट आजार. दोन्ही आजार याच जागी धरतात, दोन्हींत वजन घटतं, ताप येऊ शकतो, आणि बायोप्सीतून कित्येकदा ठाम उत्तर निघत नाही. माझ्या तुकड्यांत टीबीचे जंतू सापडले नाहीत, पण म्हणून टीबी नाहीच असंही कुणी म्हणेना. क्रोन्सची औषधं प्रतिकारशक्ती दाबतात. टीबी लपलेला असेल तर तो त्या औषधांनी उसळतो. म्हणून आधी टीबीचा उपचार सुरू झाला, टीबी रुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद झाली, महापालिकेच्या आरोग्य खात्यातून चौकशीचे फोन यायला लागले. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा कोलोनोस्कोपी केली. टीबी असता तर तीन महिन्यांत जखमा भरत आल्या असत्या. त्या होत्या तशाच होत्या. तेव्हा क्रोन्स हे नाव पक्कं झालं. सासूबाई म्हणाल्या, "नाव कळलं ना, मग आता औषधही लागू पडेल." त्यांच्या त्या एका वाक्यावर मी बरेच दिवस काढले. आधी बुडेसोनाइड हे स्टिरॉइड, मग प्रतिकारशक्ती दाबणारं अझाथायोप्रिन, ठरावीक दिवसांनी रक्तपेशी मोजणारी सीबीसी, असं करत दिवाळी आली होती.

त्या शनिवारी मी मॅडमना सरळ विचारलं, की मला काहीच होत नाहीये तर परत एवढी मोठी तपासणी कशाला? त्यांनी माझ्याच जुन्या रिपोर्टच्या मागे पेनाने आतड्याचं आडवं छेदचित्र काढलं, एकात एक तीन वर्तुळं. म्हणाल्या, कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन आहे. आतड्यात जळजळ असली की या पेशी तिथे गोळा होतात आणि ते शौचात उतरतं. ५० च्या खाली असेल तर निर्धास्त, २५० च्या वर असेल तर बहुधा आजार जागा आहे. पण तो कुठे आहे, किती लांब पसरलाय, किती खोल गेलाय, हे त्या आकड्यातून कळत नाही. कोलोनोस्कोपीत आतला पृष्ठभाग दिसतो, तोही लहान आतड्याचा शेवटचा काही सेंटिमीटरचा तुकडा. लहान आतडं असतं साधारण सहा मीटर. आणि क्रोन्स हा नुसता पृष्ठभागाचा आजार नाही, तो भिंतीच्या आरपार जातो.

"पावसाळ्यात भिंतीला ओल येते ना," त्या म्हणाल्या, "वरून रंग दिला की भिंत चांगली दिसते. ओल आत किती आहे ते रंगावरून कळत नाही. मला ती आतली ओल बघायची आहे."

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटची पश्चिमेकडची भिंत दर जुलैत फुगते, त्यामुळे मला पुढे काही विचारावं लागलं नाही.

सीटीनेही भिंत दिसते, मग परत सीटी का नाही, हे मात्र मी विचारलं. उत्तर असं, की सीटीत क्ष-किरण असतात, एमआरआयमध्ये नसतात. माझं वय तेव्हा ३६. हा आजार जन्माची सोबत करणारा, तपासण्या पुन्हा पुन्हा होणार, मग किरणांची बेरीज कशाला वाढवायची? आतडं अचानक अडलं किंवा फुटल्याची शंका आली, तर मात्र सीटीच करतात, कारण ती काही मिनिटांत होते.

आता चुकलेला भाग. चिठ्ठीवर मॅडमनी नीट "एमआर एन्टरोग्राफी" लिहिलं होतं. मी घराजवळच्या एका सेंटरला फोन केला. फोन उचललेल्या मुलीने विचारलं, "पोटाचा एमआरआय ना?" मी हो म्हटलं. ९ नोव्हेंबरची वेळ मिळाली, पुन्हा बँकेच्या सुट्टीचा शनिवार. चार तास उपाशी या, एवढीच सूचना. गेले, ९,५०० रुपये भरले, वीस मिनिटांत बाहेर आले. इतकं सोपं होतं याचा मला आनंद झाला. दोन दिवसांनी रिपोर्ट हातात आला, त्यात लिहिलं होतं की आतडी मिटलेल्या अवस्थेत असल्यामुळे भिंतीबद्दल नक्की सांगता येत नाही. वर मथळा होता "एमआरआय अ‍ॅबडोमेन-पेल्व्हिस".

एन्टरोग्राफीत आतडं आधी द्रवाने भरून फुगवावं लागतं. मिटलेल्या आतड्याच्या दोन भिंती एकमेकींना चिकटून जाड दिसतात. निरोगी भिंतसुद्धा सुजल्यासारखी वाटू शकते आणि खरी सूज सुटूही शकते. मला प्यायला काहीच दिलं नव्हतं. म्हणजे झाली ती वेगळीच तपासणी होती. मी चिठ्ठीची झेरॉक्स जोडून सेंटरला अर्ज दिला. तीन खेपा घातल्यावर त्यांनी ४,००० रुपये परत केले. पैशापेक्षा त्या दोन दिवसांचं वाईट वाटलं, कारण मी घरी "झालं एकदाचं" म्हणून सांगून मोकळी झाले होते.

तेव्हा वेळ घेताना फोनवर चिठ्ठीतले शब्द जसेच्या तसे वाचून दाखवा आणि एक प्रश्न नक्की विचारा : "स्कॅनच्या किती आधी बोलावता आणि प्यायला काय देता?" तासभर आधी या, दीड लिटर प्यावं लागेल, असं उत्तर आलं तर योग्य ठिकाणी फोन लागलाय. दुसरा प्रश्न, आतड्याच्या आजाराचे स्कॅन नेहमी वाचणारे रेडिओलॉजिस्ट तिथे आहेत का. मॅडमनीच मग डेक्कनजवळच्या एका मोठ्या हॉस्पिटलचा रेडिओलॉजी विभाग सुचवला. तिथे ही तपासणी आठवड्यातून ठरावीक दिवशीच करतात, म्हणून बारा दिवस थांबावं लागलं. २३ नोव्हेंबर मिळाली.

मधल्या दिवसांत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी, करून घेतलं, २२० रुपये. चित्र ठळक यावं म्हणून शिरेतून देतात ते गॅडोलिनियमचं औषध (कॉन्ट्रास्ट) मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून हा रिपोर्ट ताजा लागतो. तो नसेल तर त्या दिवशी परत पाठवतात. माझ्यासमोर सोलापूरहून आलेल्या एका काकांना त्यासाठी दोन तास बसून राहावं लागलं.

२३ नोव्हेंबर हा विधानसभेच्या निकालाचा दिवस होता. सकाळी साडेआठला वनाझहून मेट्रोने डेक्कनला पोचले. आदल्या रात्री हलकं जेवले होते, सकाळपासून उपाशी. विभागात टीव्हीवर मतमोजणी सुरू होती आणि सगळे तिकडे तोंड करून बसले होते. काउंटरवर १३,५०० रुपये भरले, त्यात कॉन्ट्रास्ट, फिल्म आणि सीडी धरून. मग एक लांब फॉर्म : पेसमेकर आहे का, कानात यंत्र आहे का, कधी ऑपरेशनमध्ये क्लिपा बसवल्यात का, गरोदर आहात का, काचबिंदू आहे का. काचबिंदूचा प्रश्न मला कळेना. नर्सने सांगितलं की आतड्याची हालचाल थांबवायला बुस्कोपानचं इंजेक्शन देतात, ते काचबिंदूच्या काही रुग्णांना चालत नाही.

नऊ वाजता एक मोठी बाटली आली, दीड लिटरची. मॅनिटॉल, म्हणजे साखरेसारखाच एक गोड पदार्थ, पाण्यात मिसळलेला. आतडं तो फारसा शोषून घेत नाही, त्यामुळे पाणीही आतच राहतं आणि आतडं भरलेलं राहतं. पंचेचाळीस मिनिटं ते तासाभरात सगळं संपवायचं. चव मीठ-लिंबू न घातलेल्या सरबतासारखी, नुसती गोड, आणि तिसऱ्या ग्लासपासून तो गोडवा घशाशी येतो. दर दहा-बारा मिनिटांनी एक ग्लास असा हिशेब मी घड्याळ लावून केला. एकदम पिऊ नका, उलटी होईल. आणि फार रेंगाळूही नका, नाहीतर पहिले ग्लास मोठ्या आतड्यात उतरून जातात आणि नेमका हवा तो भाग रिकामा राहतो. मी विचारून थंड पाणी मिसळून घेतलं आणि स्ट्रॉने प्यायले. त्याने बरंच सुसह्य झालं. मधे उठून व्हरांड्यात फेऱ्या मारायला नर्सनेच सांगितलं. चौथ्या ग्लासाला मला रडू आलं. दुखत काही नव्हतं. उपाशी पोट, ते गोड पाणी आणि आजूबाजूला प्रत्येक फेरीला उठणारा गलका, सगळं एकदम अंगावर आलं. शेजारच्या खुर्चीवर एक कॉलेजातला मुलगा तीच बाटली घेऊन बसला होता. तो म्हणाला, "ताई, माझी ही तिसरी वेळ. शेवटचा ग्लास सगळ्यात सोपा जातो." तसाच गेला.

मग कपडे बदलले. धातूचं काहीही अंगावर चालत नाही. मंगळसूत्र, कानातलं, घड्याळ निघालं, जोडवी काही निघेनात. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मी ती कधी काढलीच नव्हती. नर्सने साबणाचं पाणी लावून हलक्या हाताने फिरवत फिरवत उतरवली. बोटांवर पांढरे वळ उठले होते. हे घरूनच करून जा, आणि दागिने नवऱ्याकडे नाहीतर बरोबरच्या माणसाकडे द्या. माझा नवरा दहाला पोचणार होता, तो येईपर्यंत मी ती पुरचुंडी मुठीत धरून बसले होते.

मशीनमध्ये मला पालथं झोपवलं. पालथं झोपल्याने आतड्याच्या वळ्या पसरतात आणि पोटाची हालचाल कमी होते. काही ठिकाणी उताणंही झोपवतात. भरलेल्या पोटावर पालथं झोपायचं म्हणजे काय होईल अशी मला धास्ती होती, पण उशा नीट लावल्या की जमतं. कानांवर हेडफोन, हातात रबरी फुगा : काही वाटलं तर दाबायचा. मग ठकठक, घरघर, खटखट. हेडफोनमधून हिंदीत आवाज यायचा, "साँस लो, छोड़ो, रोको." दर वेळी पंधरा-वीस सेकंद श्वास धरायचा. आदल्या आठवड्यात घरी घड्याळ समोर ठेवून मी श्वास सोडून थांबण्याचा सराव केला होता, त्याचा फार उपयोग झाला. पहिला फोटो हलला तर तो परत घेतात आणि मग वेळ वाढत जातो. मध्यावर बुस्कोपान, नंतर गॅडोलिनियम. दंडातून एक गार धार वर चढल्यासारखी वाटते, बाकी काही नाही. पस्तीस-चाळीस मिनिटांत बाहेर आले.

नंतरचं कुणी नीट सांगत नाही म्हणून सांगते. ते दीड लिटर बाहेर यायचंच असतं, आणि ते अर्ध्या तासात सुरू होतं. हॉस्पिटलमधलं स्वच्छतागृह आधीच पाहून ठेवा, तिथेच अर्धा-पाऊण तास थांबा, बदलायला एक सलवार बरोबर असू द्या. बुस्कोपानने थोडा वेळ अंधुक दिसतं, त्यामुळे स्वतः गाडी चालवायची नाही. येताना आम्ही रिक्षा केली. घरी मऊ मुगाची खिचडी, ताक, आणि चार-पाच तास कुठेही जायचं नाही. संध्याकाळपर्यंत पोट जागेवर आलं.

रिपोर्ट २६ तारखेला मिळाला, पण खरा उलगडा ३० नोव्हेंबरला मॅडमकडे झाला. त्यांनी सीडी कॉम्प्युटरला लावली आणि माउसचं चाक फिरवत माझं पोट समोरून मागे असं एकेक काप दाखवत नेलं. पाण्याने भरलेली निरोगी आतडी पांढरी, गुबगुबीत, कडेला बारीक रेघ. ती रेघ म्हणजे भिंत, तीन मिलिमीटरच्या आत. मग खाली उजवीकडे येताना एक वळी एकदम निराळी दिसली. आतली पांढरी पोकळी चिंचोळी झाली होती आणि कडेची रेघ जाड पट्टी झाली होती. आठ मिलिमीटर. अशी सुमारे अठरा सेंटिमीटर लांब.

पाणी जिथे जास्त तिथे एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रात उजळ दिसतं. माझ्या भिंतीच्या मधल्या थरात ती उजळी होती. मॅडम म्हणाल्या, "ही बघा ओल." मग दुसरं चित्र, ज्यात पाण्याच्या रेणूंना हलायला कितपत मोकळीक आहे ते दिसतं. दाटीवाटीने पेशी जमलेल्या सुजलेल्या जागी ती मोकळीक कमी होते आणि तिथे भिंत दिव्यासारखी चमकते. मग कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरचं चित्र : आतलं अस्तर ठळक, आणि त्या वळीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या फुगून, एकमेकींपासून सुटून, शेजारी शेजारी उभ्या. रिपोर्टात त्याला "कोम्ब साइन" लिहिलं होतं. ते चित्र पाहिल्यावर भाषांतर लागलंच नाही, फणीचे दात दिसतात तसेच ते दिसतात. आजार जागा असल्याची ती खूण. भोवतालची चरबीही थोडी धुरकट होती.

मग जे नव्हतं तेही त्यांनी तितक्याच सावकाश दाखवलं. फिस्टुला, म्हणजे एका वळीतून दुसरीकडे फुटलेली वाट, नव्हती. गळू नव्हतं. चिंचोळ्या भागाच्या अलीकडचं आतडं २.६ सेंटिमीटर होतं. ते तीन सेंटिमीटरच्या पुढे ताणलेलं असतं, तर अडथळा गंभीर धरावा लागला असता. अरुंद झालेला भाग सुजेमुळे आहे की व्रण धरून घट्ट झालाय, हे चित्रातून शंभर टक्के सांगता येत नाही, कित्येकदा दोन्ही मिसळलेलं असतं. पण ओल आहे म्हणजे औषधाला वाव आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. घट्ट झालेल्या व्रणाला औषध उघडू शकत नाही, तिथे फुग्याने रुंद करणं किंवा ऑपरेशन करणं भाग पडतं.

मी त्या खुर्चीत बसून आठ मिलिमीटरच्या पट्टीकडे बघत होते, आणि मला पोटात काहीही जाणवत नव्हतं. दिवाळीत मी चकल्या खाल्ल्या होत्या, भाऊबीजेला भावाकडे पोटभर जेवले होते. "मला काही होत नाहीये" या माझ्या सांगण्यावर उपचार तसाच राहिला असता, तर ही भिंत अजून वर्षभर अशीच सुजत राहून घट्ट झाली असती. क्रोन्स असलेल्या आणि सध्या बरं वाटत असलेल्या प्रत्येकाला मला हे सांगायचं आहे. डॉक्टर तपासणी सुचवतात तेव्हा "दुखेल तेव्हा बघू" म्हणू नका.

अझाथायोप्रिन एकट्याने पुरत नाही असं ठरलं आणि बायोलॉजिक, म्हणजे सूज वाढवणारं प्रथिन अडवणारं इंजेक्शन, सुरू करायचं झालं. त्याआधी पुन्हा टीबीचा शोध : आयजीआरए ही रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, शिवाय हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही. डिसेंबरच्या मध्याला अडालिमुमॅबचं बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीचं औषध, सुरू झालं. आधी १६० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ८०, मग दर पंधरवड्याला ४०. इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं, म्हणून फ्रिजमधला लोण्याचा कप्पा त्याला दिला. टोचायच्या अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवलं की कमी झोंबतं.

विम्याचंही सांगते. २०२३ मध्ये मी दाखल झाले होते, तेव्हा त्याआधीच्या ३० दिवसांतली सोनोग्राफी आणि रक्ततपासण्यांचे पैसे मिळाले होते. त्याच भरवशावर एन्टरोग्राफीची बिलं डिसेंबरात पाठवली. दीड महिन्याने पत्र आलं : नामंजूर, कारण एक्सक्लूजन कोड ०४, इन्व्हेस्टिगेशन अँड इव्हॅल्युएशन. म्हणजे केवळ तपासणी आणि निदानासाठी झालेला खर्च. कर्जाच्या फायली तपासणारी मी, पण स्वतःच्या पॉलिसीचं ते पान कधी वाचलं नव्हतं. नियम वाचल्यावर भांडायला जागा नव्हती. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा भाग आहे का ते आधी बघा, आणि तरीही सगळ्या मूळ पावत्या जपा. पुढच्या महिन्याभरात त्याच आजारासाठी दाखल व्हावं लागलं, तर त्याच पावत्या चालतात.

मार्च २०२५ मध्ये, चौदा आठवड्यांनी, आतड्याची सोनोग्राफी केली. उपाशीपोटीचे चार तास सोडले तर काही तयारी नाही, मॅनिटॉल नाही, २,२०० रुपये. डॉक्टरांनी प्रोब उजवीकडे खाली दाबून धरला आणि स्क्रीनवर भिंत मोजली : साडेपाच मिलिमीटर. डॉपलरमध्ये रक्तपुरवठ्याचे रंगीत ठिपके अजून होते, पण विरळ. ज्यांना हे आतडं बघायचा सराव आहे अशांकडेच ही करावी. साध्या पोटाच्या सोनोग्राफीत भिंत मोजतातच असं नाही.

१३ सप्टेंबर २०२५ ला दुसरी एन्टरोग्राफी झाली. तेच हॉस्पिटल, तेच मशीन, १४,००० रुपये. या वेळी जोडवी घरीच उतरवली होती. काउंटरवर जुनी सीडी आणि जुना रिपोर्ट दिला आणि "तुलना करून लिहा" असं फॉर्मवर लिहायला लावलं. हे विसरू नका. जुनी चित्रं समोर नसतील, तर रेडिओलॉजिस्ट आजचं तेवढं लिहितात, आणि आठाचे किती झाले हेच आपल्याला हवं असतं. मी सीडीवर मार्करने तारीख घालते आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवते, कारण २०२३ च्या सीटीची सीडी आता उघडत नाही.

मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. डावीकडे नोव्हेंबरातली जाड पट्टी, उजवीकडे साडेतीन मिलिमीटर. मधल्या थरातली उजळी गेली होती. फणी दिसेनाशी झाली होती. सुजलेला भाग अठरावरून सहा सेंटिमीटरवर आला होता. अरुंदपणा मात्र थोडा उरलाय, तेवढा भाग बहुधा व्रणाचा आहे असं त्या म्हणाल्या. त्यामुळे भेंडीच्या बिया, मक्याचे दाणे, संत्र्याच्या फोडीवरची साल असलं चिवट काही मी अजून खात नाही. कॅलप्रोटेक्टिन ७० आलं.

इंजेक्शनं चालू आहेत. पुढची सोनोग्राफी मार्चमध्ये आहे, मार्चएंडच्या आधीचा दुसरा शनिवार मी आजच घेऊन ठेवलाय.